चारशे वर्षांचा मळ

३ जानेवारी, शुक्रवार

उर्वीला शाळेत दोन वह्या बक्षीस मिळाल्या, त्यातली ही एक तिनं मला दिली. वहीला सोनेरी कुलूप आहे. किल्ली पहिल्याच दिवशी हरवली, त्यामुळे वही उघडीच. नात म्हणते, "आजी, राइट युवर फीलिंग्ज." मी म्हटलं, बाई गं, माझी शाळा तिसरीपर्यंत, पुढे म्हशी. लिहायला हात वळला तो म्हातारपणी, बचत गटाच्या सह्या करता करता. तर फीलिंगा जमतील तशा लिहीन, बाकी जे घडेल ते.

मला इथे येऊन पंधरा दिवस झाले. शारजा गाव, अल मजाज म्हणतात त्या भागात, खाडीच्या पाण्यासमोर, एकविसाव्या मजल्यावर. लिफ्टमध्ये कान बंद होतात, मग घरी सून काय बोलते ते अर्धा तास ऐकू येत नाही. तसं बरं असतं ते.

माझा मुलगा सत्यजित. त्याचा कारखाना हमरिया फ्री झोनमध्ये. तिथे दगड करतात. म्हणजे सिमेंट, संगमरवराची भुकटी आणि रंग घालून दगडासारखं दिसणारं काहीतरी. मी विचारलं, "खरे दगड नाहीत का रे या देशात?" तर म्हणाला, "आहेत आई, पण ते जुने दिसत नाहीत."

सध्या त्याच्याकडे मोठं काम आहे. इटली देशात वेरोना म्हणून गाव आहे, तिथे जुनी बाजारगल्ली आहे. गाडीघोडं बंद, नुसतं चालायचं, दोन्ही अंगांना दुकानं. ती गल्ली जशीच्या तशी इथे अबू धाबीकडे, खलिफा सिटीच्या पुढे, एका नव्या मॉलच्या पोटात उभी करायची. अर्धी झाली आहे. सोळा तारखेला पावलो नावाचा इटलीचा साहेब ती तपासणार आणि मॉलच्या मॅडम सही करणार. पास झाली तर उरलेली अर्धीही सत्यजितला.

"आणि नापास झाली तर?" मी विचारलं.

सुलक्षणा, माझी सून, भेंडी चिरत होती. म्हणाली, "तर आई, मार्चमध्ये तुमच्याबरोबर आम्हीही तिकीट काढू."

मी म्हटलं, बरंच की, घर मोठं आहे, उर्वीला म्हैस दाखवू. ती हसली नाही. भेंडी फार बारीक चिरली तिनं आज.

७ जानेवारी, मंगळवार

कारखाना बघितला. तिथला मुकादम केरू, आमच्याच पाटण तालुक्यातला निघाला. मी नुसतं गाव विचारलं आणि तो डोक्यावरचं पिवळं टोपडं काढून पाया पडला. पन्नाशीचा असेल. चार वर्षांत घरी गेलेला नाही. त्याच्या हाताखाली अकरा माणसं.

भिंतीची मोठीमोठी पानं उभी करून ठेवलेली. एकापेक्षा एक सुंदर, गुळगुळीत, आणि हा माणूस त्यांवर गाळण्यानं काळा चहा ओततोय.

"केरू, अरे चांगल्या भिंतीवर?"

"आजी, दोन हात चहाचे, वर एक हात दह्याचा. मग लोखंडाचं गंजपाणी, आणि कोपऱ्यात मेणबत्तीची काजळी."

"दही कसलं?"

"फुल क्रीम."

"विरजण घरचं तरी घे. तेवढंच आंबट होईल."

"साहेबाला सांगून बघतो," म्हणाला. थट्टा करत होता की काय कळलं नाही. म्हणे भिंत चारशे वर्षांची दिसायला हवी. वर पक्का हात मारायचा असतो, त्यानं डाग कायमचे बसतात, पण तो साहेबानं पास केल्यावर.

"आणि नाही केलं पास?"

केरूनं गाळणं झटकलं. "कारखाना बंद झाला की आजी, आमचा व्हिसाही बंद. बाराच्या बारा. मग घरीच चहा ओतायचा, कपात."

मी मनात म्हटलं, जन्मभर आपण भिंतीचे डाग काढले. डाग पाडायला माणसं ठेवतात हे बघायला विमानात बसावं लागलं.

११ जानेवारी, शनिवार

आज वेरोना बघितलं. सत्यजित, उर्वी आणि मी. दीड तास गाडी.

आत शिरताना मी चपला काढून हातात घेतल्या, इतकी ती फरशी देखणी. गुलाबी, मध्येच पांढरी, जरा लालसर, कापलेल्या पेरूसारखी. उर्वी म्हणाली, "आजी, पीपल आर लुकिंग." बघणारे सगळे केरूचेच, त्यांनीही माझ्या पाया पडून घेतलं.

गल्ली वळत वळत जाते. दोन्हीकडे तीन तीन मजली घरं, हिरव्या झडपांच्या खिडक्या, लोखंडी नक्षीचे सज्जे. वर छप्पर आहे, त्यावर आकाश रंगवलंय. ढग एकाच जागी आहेत, तेवढी सोय. मला फार आवडलं. मी प्रत्येक दाराला हात लावून बघितला, पण बरीचशी दारं उघडतच नाहीत, मागे भिंत. एका सज्ज्यावर कुणी दिसतं का म्हणून मी खालून हाक मारली. सत्यजित म्हणाला, "आई, वर कुणी राहत नाही. वर वरच नाही." म्हणजे सज्जा आहे, पण त्याच्या मागे खोली नाही. सकाळचं ऊन घ्यायला यायचं तर माणसानं यायचं कुठून?

चौकात आड आहे. पाणी नाही. मी वाकून बघितलं तर तळाशी एसीचं यंत्र.

मध्ये एका ठिकाणी दोन घरांमध्ये दोरी बांधून कपडे वाळत घातलेले. कोण कधीचे वाळत घालून विसरलंय, कडकडीत वाळलेत. मी स्टुलावर चढून सगळे काढले आणि घड्या करून पायरीवर ठेवले. केरू आला, घड्यांकडे बघितलं आणि सगळे परत वाळत टाकले. एक सदरा तर मुद्दाम वाकडा टाकला. माणूस कामाचा आहे, पण चिकट.

"आजी, दॅट्स डेकोरेशन," उर्वी म्हणाली. लहान आहे ती.

एक गोष्ट मात्र मी सांगितलीच. दुकानांच्या पायऱ्या यांनी यंत्रानं घासून झिजवल्यात, जुन्या दिसाव्यात म्हणून, पण बरोबर मध्यभागी. मी म्हटलं, केरू, आपल्या देवळाची पायरी आठव. मध्ये झिजलीय का? चौकटीला हात धरून माणूस चढतो, पाय कडेला पडतो. म्हातारी माणसं तर भिंतीला धरूनच. त्यानं वाकून पायरीची कड चाचपली. मग सत्यजितला म्हणाला, "शेठ, दोन दिवस द्या." सगळ्या पायऱ्या परत घासणार म्हणे.

परत येताना सत्यजितनं गाडीत रेडिओ लावला नाही. एरवी लावतो.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगुळाचे सव्वाशे लाडू केले. वळताना विचार आला, मी इथे नक्की कशाला आहे? घरात भांडी धुवायला यंत्र, कपड्याला यंत्र, फरशी पुसायला एक गोल तबकडी आपली आपण फिरते, तिला उर्वीनं नाव ठेवलंय. मला म्हणतात, आई, तुम्ही बसा. बसून बसून माणसाला वाटतं, आपल्यालाच वाळत घातलंय.

सत्यजितनं एकच पोळी खाल्ली. परवा तपासणी. विचारलं तर म्हणतो, "सगळं बरोबर आहे." बरोबर आहे असं हा लहानपणी निकालाच्या आदल्या दिवशी म्हणायचा.

१५ जानेवारी, बुधवार

आज हातून एक चांगलं काम झालं, म्हणून सविस्तर लिहिते.

तिळगूळ द्यायला सत्यजितबरोबर वेरोनाला गेले. दुपारी सगळी माणसं जेवून पलीकडच्या टोकाला दिवे लावायला गेली. सत्यजित फोनवर. मी पहिल्याच दुकानापाशी बसले. उद्या साहेब येणार तो याच बाजूनं. आणि उंबरठ्याची काय दशा. चहाचे ओघळ, गंज, कोपऱ्यात हिरवं काहीतरी, खांबावर तर, हात लागून लागून काळा पडलाय असं वाटावं, इतका मळ. पाहुणे दारात आणि हा उंबरठा. मला राहवेना. आमच्याकडे मयताचं घर असलं तरी पाहुण्यापुढे उंबरठा धुतलेला असतो.

पाण्याची नळी होती. धुण्याचा सोडा भांडारात मिळाला, घासायचा ब्रशही. पदर खोचला आणि बसले. आधी उंबरठा, मग तीन पायऱ्या, मग दोन्ही खांब, मग हात पोचेल तिथपर्यंत भिंत. काही डाग हट्टी होते. पण मीही आहे. दोन तासांत सगळं असं लखलखीत झालं की गुलाबी रंग आतून उमलल्यासारखा वर आला. शेजारी संगमरवराच्या भुकटीचं पोतं होतं, चिमटीत घेऊन बघितलं तर थेट रांगोळी. आठ पाकळ्यांचं कमळ काढलं आणि बाजूला दोन गोपद्मं.

पहिला केरू आला. आला आणि खालीच बसला. तिळगुळाचा डबा पुढे केला तर दोन लाडू एकदम तोंडात घातले, चावायचं विसरला. मग बाकीचे आले. कुणीतरी मागे "या अल्ला" म्हणालं. मग सत्यजित.

"आई, हे तू केलंस?"

"दुसरं कोण करणार? तुम्ही सगळे दिव्यांत."

तो काहीतरी बोलणार होता. मग त्यानं माझे हात बघितले, सोड्यानं लाल झालेले. म्हणाला, "छान झालंय आई." आणि दुकानाच्या मागे गेला. तिथे मागे काहीच नाही, नुसत्या लाकडी फळ्या, तरी बराच वेळ तिथे होता. माझं पोरगं लहानपणापासून असंच हळवं.

केरू त्याच्यामागे गेला. मला ऐकू आलं, "शेठ, परत चढवायला नऊ दिवस. दही बसायलाच चार." सत्यजित म्हणाला, "साहेब उद्या दहाला येतोय, केरू." एवढ्या धांदलीत दह्याचं काय काढलं यांनी, देव जाणे.

१६ जानेवारी, गुरुवार

सकाळी सुलक्षणा म्हणाली, "आज आई घरीच राहू देत." सत्यजित बूट घालत होता. म्हणाला, "राहू दे गं. आता काय राहिलंय? चल आई."

पावलोसाहेब म्हणजे साठीचा, बारीक, गळ्यात रुमाल. मला आधी वाटलं घसा बसलाय. त्याला तिळगूळ दिला आणि म्हटलं, "गोड गोड बोला." सत्यजितनं इंग्रजीत सांगितलं. साहेबानं कपाळाला हात लावून नमस्कार केला.

पण सत्यजितनं त्याला पुढच्या दारानं न आणता मागच्या टोकानं आत नेलं. उलटी वाट धरली.

साहेब भिंतींना हात लावत चालला. डोळे मिटून लावायचा. एका पायरीपाशी थांबला, चौकट धरली, पाय बरोबर कडेच्या झिजलेल्या जागी ठेवला आणि हसला. सत्यजितच्या खांद्यावर थाप मारून काहीतरी म्हणाला. केरूनं लांबून माझ्याकडे बोट दाखवलं, म्हणजे ते तुमचं. मला फार बरं वाटलं.

असं करत करत पहिलं दुकान आलं.

साहेब थांबला. गुडघ्यावर बसला. उंबरठ्यावर बोट फिरवलं, बोट नाकाला लावलं. "नो," म्हणाला. मग इकडे बघून "नो," तिकडे बघून "नो." रांगोळीला मात्र त्यानं पाय लागू दिला नाही, उठला तो वळसा घालून. संस्कार चांगले आहेत. सत्यजितचा चेहरा त्या एका तासात त्याच्या बापासारखा दिसायला लागला, शेवटच्या दिवसांतल्या.

तेवढ्यात रुकय्या मॅडम आल्या. मॉलच्या मोठ्या बाई. काळा झुळझुळीत झगा, उदाचा वास, हातात फाइल. त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि माझ्या दुकानासमोर उभ्या राहिल्या. इथल्या बऱ्याच जणांना येतं तसं हिंदी त्यांना येतं.

"ये अच्छा है," म्हणाल्या. "बाकी सब ऐसा क्यों नहीं?"

पावलोसाहेब बोलायला लागला. हात हलवून, फार मनापासून. सत्यजितनं मला नंतर सांगितलं, तो म्हणत होता की चारशे वर्षं, लाखो माणसांचे हात, ऊन, पाऊस, हेच तर दाखवायचंय.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हबीबी, वेरोना वेरोना में अच्छा है. इधर हमारा लोग सफेद कंदुरा पहन के आएगा, बाजू दीवार को लगेगा, खलास. पुराना चाहिए. गंदा नहीं चाहिए."

कंदुरा म्हणजे इथल्या पुरुषांचा पायघोळ पांढरा झगा. परीटघडीचा असतो. मला त्यांचं शंभर टक्के पटलं.

"किसने किया ये?"

सत्यजितनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मैंने. और सोडा लगेगा."

मॅडम हसल्या, माझा हात हातात घेतला. मग फाइल मिटून सत्यजितला म्हणाल्या, पूरा स्ट्रीट ऐसा, अगला गुरुवार, चार बजे. तब साइन. आधा स्ट्रीट जो बाकी है, वो भी तुम्हारा, इन्शाल्ला.

गाडीत सत्यजित आधी हसला. मग हसतच राहिला. मग गाडी बाजूला घेऊन थांबवली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. यश पचवायलाही ताकद लागते.

१९ जानेवारी, रविवार

तीन दिवस धुणं चाललंय. मला डोक्यावर घालायचं पिवळं टोपडं दिलंय, आतून पदर. मी खुर्चीवर बसून सांगते, माणसं घासतात. ब्रश गोल फिरवायचा, वरून खाली यायचं, एकदा घासलेल्या जागी घाणेरडं पाणी येता कामा नये. तीन महिन्यांत पाडलेले डाग तीन दिवसांत अर्धे निघाले, म्हणजे बघा, काढणं किती सोपं असतं.

केरूची माणसं पहिल्या दिवशी एकमेकांना चिडवत होती. "तुझं शेवाळ आलं बघ माझ्या बादलीत." "सांभाळ, फुल क्रीम आहे." काल कुणी फारसं बोललं नाही. केरू तर अजिबात नाही. मी विचारलं, "अरे, काम वाचलं, व्हिसा वाचला, तोंड का असं?" म्हणाला, "नाही आजी, आनंदच आहे." दोन्ही हातांनी घासत होता.

पावलोसाहेबही रोज येतो. त्याचं काम खरं तर संपलं. पण येतो, स्टूल घेऊन जिथे घासणं चालू असेल तिथून चार हात लांब बसतो. त्याला रोज एक लाडू देते.

२३ जानेवारी, गुरुवार

झालं एकदाचं. सगळं सांगते.

दुपारी अडीचपर्यंत सगळी गल्ली झाली होती. एकच भिंत उरली, चौकातून वळताना लागते ती, एका खिडकीखालची. मी इतके दिवस तिकडे नीट बघितलंच नव्हतं. खिडकीच्या खालून ओल उतरलेली, कडा तपकिरी, मध्ये फिकट, खाली जमिनीपाशी काळपट हिरवी, आणि एक बारीक पांढरी रेघ, खार वर येतो ना तशी. मला तर हात लावून बघावं लागलं, ओली आहे का. कोरडी होती.

"हे कुणी केलं?"

"मी," केरू म्हणाला. "नऊ दिवस लागले. साहेबानं दिलेल्या वेरोनाच्या फोटोत नव्हती ही. आमच्या घराची ओल आहे आजी, मागच्या भिंतीची, मोरीच्या अंगाची. डोक्यातून काढली."

"बरी आठवली."

"रोज तोंड धुताना समोर असायची."

मी म्हटलं, "घरी गेलास की ती आधी लिंपून घे. ओलीनं भिंत बसते."

"गेलो की घेतो," म्हणाला.

पावलोसाहेब स्टूल सोडून आला आणि त्याच्या शेजारी उभा राहिला. भिंतीवर पूर्ण तळवा ठेवला. मग केरूला काहीतरी म्हणाला, त्याच्या भाषेत. केरू आपल्या मराठीत बोलला, की साहेब, पावसाळ्यात ही इथपर्यंत चढायची, आणि बोटानं रेघ दाखवली. साहेब हो हो करत आणखी वर बोट दाखवून त्याचं काही सांगायला लागला. एकाला दुसऱ्याचं अक्षर कळत नव्हतं, तरी बराच वेळ चाललं.

सत्यजित घड्याळ बघत होता. तीन वाजून गेले. मॅडम चारला येणार, आणि डाग दिसला तर सही नाही हे सगळ्यांना माहीत.

"केरू," सत्यजित म्हणाला. "यल्ला." म्हणजे इथल्या भाषेत चला, आटपा.

केरूनं ब्रश उचलला, बादलीत बुडवला. परत ठेवला. बाकीचे अकराजण आपापल्या बुटांकडे बघत होते. मग सत्यजितनं स्वतः ब्रश घेतला, भिंतीपर्यंत गेला आणि तसाच मागे आला. म्हणाला, "थांबू या दोन मिनिटं."

आता इतके दिवस वाकून वाकून माणसं थकणारच. कुणाला दोष नाही. मी खुर्चीवरून उठले, पदर खोचला. म्हटलं, सरा, पोरांनो, हे शेवटचं माझ्यावर सोडा. सोडा दुप्पट टाकला. वरून सुरुवात केली, खिडकीच्या खालून. पांढरी रेघ लगेच गेली. हिरवं जरा चिवट होतं, पण जोर लावला. तपकिरी कड शेवटी गेली. पाऊण तास लागला. खाली काय सुंदर भिंत निघाली म्हणून सांगू, फिक्कट बदामी, एक ठिपका नाही, जशी आज सकाळीच बांधली.

मॅडम चारला पाच मिनिटं असताना आल्या. पूर्ण गल्ली चालल्या, दोनदा भिंतीवरून बोट फिरवून बोट बघितलं, आणि आडाच्या कठड्यावर फाइल ठेवून सही केली. उरलेली अर्धी गल्ली आपली. अकरा महिन्यांचं काम. कुणी घरी जाणार नाही, सगळे इथेच राहणार, केरूसुद्धा. सत्यजितनं तिथूनच सुलक्षणाला फोन लावला आणि पलीकडून तिचं रडणं मलाही ऐकू आलं. मीही मार्चचं तिकीट पुढे ढकलायला सांगितलंय. दुसरी अर्धी कोण धुणार?

मी केरू आणि पावलोसाहेबाला हाक मारली, की आता या, बघा कशी दिसतेय. ते तिथून हललेच नव्हते. दोघंही त्या भिंतीसमोर उभे, आणि दोघांच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं. मी त्यांना सांगितलं होतं लांब उभे राहा म्हणून. सोडा फार झोंबतो.